जाळीच्या अलीकडची पिल्लं

मंगळवार, संध्याकाळ

अजून राग उतरत नाही. आमच्या शेडमधली ब्रॉयलरची पिल्लं मरतायत आणि पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर दोष कुणाला देतो, तर अंगणातल्या गावठी कोंबड्याला. म्हणे, "वहिनी, रोग त्यानेच आणला. आजच कापा."

मी त्याला शेडमध्ये नेऊन जाळी दाखवली. या खेपेला कंपनीनेच दोन वाणांची पिल्लं पाठवली, म्हणून मध्ये जाळी लावलीय. पाणी एक, खाद्य एक, लससुद्धा एकाच दिवशी. जाळीच्या अलीकडची माना टाकतायत, पलीकडची मजेत दाणे टिपतायत. आणि कोंबडा दिवसभर चरतो तोही शेडबाहेर, पलीकडच्याच बाजूला. मग रोगाशी झगडायची ताकद अलीकडच्या वाणाच्या रक्तातच कमी असेल ना?

"रक्ताचं आम्ही बघू, तुम्ही स्वच्छता बघा."

कधी बघणार? भराभर वजन वाढतं म्हणून हे वाण निवडलंत, तेव्हा बघितलंत?

ह्यांना सांगितलं, कोंबडा देवाच्या नावाने सोडलाय, पालखी येईपर्यंत त्याला सुरी लावायची नाही. तर हे म्हणतात, "साहेबाचं बिनसलं तर पुढची पिल्लं मिळायची न्हाय." आणि कापला. वाटण मीच वाटलं. का वाटलं मी?

जाळीच्या अलीकडे पिल्लं मरतच होती. ज्याला रोगट म्हणाला, त्याच कोंबड्याचा रस्सा साहेबाने ओटीवर बसून पुन्हा मागून घेतला. वर म्हणतो, "गावठीची सर ब्रॉयलरला नाही, वहिनी."