तारामासा आणि मेंढीची कलेजी

घोडेगाव, ५ जानेवारी २०२५

ती. आबांस,
प्रांजलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. काल कॉलेजात तारामासा कापायचा होता. औषधात मुरवलेला, पाच हातांचा, शिळ्या भाकरीसारखा कडक. मी धनगराची नात, मेंढरं सोलताना बघत वाढलेली. पण कात्री लावली आणि धाडकन खाली! शेजारच्या टेबलावरच्या हर्षालीनं पाणी मारलं, तेही निम्मं माशावरच. सरांनी वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही जमलं नाही तर मी विज्ञान सोडून आर्ट्सला जाणार. त्या माशाला डोकं नाही, मेंदू नाही, पोट बाहेर काढून जेवतो, आणि मी त्याला भ्याले!

आजीला, दादाला आणि आरतीवहिनीला नमस्कार. माया आहे ती वाढू द्यावी.

आपली,
प्रांजल


आणे, ९ जानेवारी

चि. प्रांजल हिस,
जानकूचे अनेक आशीर्वाद.

बिनडोक्याची जनावरं आपल्या भावकीत बी लई हायेत. त्येंच्या म्होरं तू कधी चक्कर येऊन पडली न्हाईस. आर्ट्सचं नाव काढू नगंस.

हितं मातुर जीवाला घोर लागलाय. धरणाकाठनं चरून आल्यापासनं तीन मेंढ्या गेल्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबती, खाणं तुटतं, आन् मरत्यात. शेजारचा चिमाजी म्हनला, नव्या नातसुनेचा पायगुण. तुझ्या आजीनं त्ये धरून ठिवलंय. लगीन होऊन महिना न्हाई झाला, आन् आरतीचं डोळं रोज सुजल्यालं.

तब्येत संभाळ.

तुझा आबा


घोडेगाव, १२ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न.

पायगुण कसला! ओल्या गवतावरून एक चपटा जंत मेंढीच्या पोटात जातो आणि कलेजीत घर करतो. मग जबड्याखाली असंच पाणी साचतं. हा माझा अंदाज. खात्री उघडून बघितल्यावरच होईल. डॉक्टरांना बोलवा. आता एखादी मेली तर लगेच पुरू नका. हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून उजव्या फासळ्यांखालची कलेजी काढा आणि आतल्या पित्ताच्या नळ्या उभ्या चिरा. तुम्हाला एकच कलेजी बघायची आहे. मला तारामाशाच्या पाचही हातांत पाचक ग्रंथींची जोडी-जोडी शोधायची!

एक गंमत सांगते. गोगलगाईपेक्षा तारामासा आपल्याला जवळचा. गर्भात त्याचं नि आपलं मागचं भोक आधी होतं, तोंड मागाहून.

राग नसावा, लोभ असावा.

प्रांजल


आणे, १७ जानेवारी

चि. प्रांजलीस आशीर्वाद.

म्हंजे ह्यो ढुंगणाकडनं पावणा की गं!

काल चवथी मेंढी गेली. दादा बाजाराला गेल्याला, माझा हात थरथरतो. तवा आरतीनं पदर खोचला, तुझं पत्र दगडाखाली दाबून म्होरं ठिवलं आन् सुरी घेतली. तुझी आजी कुडाआडनं बघत व्हती. नळी चिरली तशी पानावानी चपटं जंत वळवळत भाईर आलं. आरतीनं त्ये पत्र्यावर घेतलं, आजीम्होरं धरलं आन् येवढंच म्हनली, की ह्ये माझ्या पायानं आल्यालं न्हाईत. म्हातारीनं वाकून त्ये निरखून बघितलं. डॉक्टरांनी सगळ्या कळपाला औशीद पाजलंय.

तुझ्या माशाला भिऊ नगंस.

आबा


घोडेगाव, २१ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न.

तुमचं पत्र काल सकाळी मिळालं, दुपारी परीक्षा. कात्री धरताना तळहात घामानं ओले. वहिनीनं हे ताज्या मेंढीवर केलं, असं मनाशी दहादा म्हटलं आणि एका हाताची पाठ सोलली. आत तपकिरी ग्रंथींच्या दोन माळा! त्यांच्याखाली, तो ज्यांवर सरकतो त्या बारीक नळीपायांची मुळं. रक्ताच्या नाही, पाण्याच्या दाबावर चालतो तो. बघताना भ्यायचंच राहून गेलं.

सरांनी विचारलं, मेंढीशी ह्याचं साम्य काय. सांगाडा दोघांचा कातडीच्या आतच, असं नीट सांगितलं. गर्भात मागचं भोक आधी होतं, हे सांगताना तुमचाच शब्द तोंडातून निसटला. सर हसून हसून भिंतीला टेकले. पास झाले, आबा!

आपली,
प्रांजल


आणे, २८ जानेवारी

चि. प्रांजलीस भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र आरतीनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा शब्द आला तिथं लाजली, पर वाचला. मेंढरं आता चारा खात्यात, नवी मर न्हाई.

वाचून झाल्यावर आरती हळूच म्हनली, बारावीनंतर सुटल्यालं शिक्षण तिला पुढं न्यायचंय. दादा लगीच हो म्हनला. पर तिच्या बदली दिवसभर मेंढरांमागं जायचं कुणी, ह्यो सवाल आला. तवा तुझ्या आजीनं कोपऱ्यातली काठी उचलली आन् म्हनली, पोरीला वाचू द्या, मी जाते. पायात वहाणा घालून निघाली बी.

आमच्यावरची माया पातळ होऊ दिऊ नगंस.

तुझा आबा