गल्लीची तीन फूट जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. धाकट्या दिरांचं मत वेगळं आहे, पण ते मी लग्न झाल्यापासून कधी विचारलेलं नाही.

१. राहतं घर यजमानांनी हयातीतच माझ्या नावे केलं. ते माझ्यामागे मुलगा व मुलगी यांना निम्मं-निम्मं. बँकेतली ठेवही तशीच. शिलाईचं मशीन सुनेला, कारण त्याला तेल तीच घालते. लोखंडी शिडी दिरांना. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती 'दोन दिवसांसाठी' नेली. आता परत करायची काळजी त्यांनी सोडावी.

२. घरापुढची भिंत. तिच्याखालची तीन फूट जागा आमची नाही, गल्लीची आहे. यजमान बांधताना कचरत होते. मीच म्हटलं, "भिंतीत देवाचा कोनाडा करा. मग कोण हात लावतोय?" चाळीस वर्षं मी तिथे दिवा लावला आणि देवाला चोरीच्या जागेवर राखणीला बसवलं. त्याचा जाब मी वर जाऊन देईन. मूर्ती आत देवघरात आणली आहे.

३. कारण लिहिते. गेल्या वर्षी सकाळी अकराच्या सुमारास गल्लीच्या टोकाला शिंपीणबाईंच्या घराला आग लागली. बंब आला आणि माझ्या भिंतीशी अडला. चालकाने दोनदा मागेपुढे करून पाहिलं. मग चौघांनी उड्या टाकल्या, जाडजूड पाइप खांद्यावर घेतले आणि धावत सुटले. आम्ही सगळे धुरापासून लांब पळत होतो. ते चौघेच तेवढे त्याच्याकडे.

"सासूबाई वर राहिल्या हो!" शिंपीणबाई ओरडल्या.

"कुठल्या खोलीत?" त्यांच्यातल्या उंच जवानाने एवढंच विचारलं आणि आत शिरला. म्हातारीला त्याने जिन्यावरून खालच्या जोडीदाराच्या हाती दिलं, तोच जिना त्याच्यासकट कोसळला. म्हातारी वाचली. त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. आता तो अग्निशमन दलाच्या कचेरीत फोन घेतो.

मी तिथे गेले. म्हटलं, "बाबा, ती भिंत माझी."

"आजी, प्रत्येक गल्लीत एक असतेच. आम्हाला पळायची सवय आहे."

"अरे, पण तुम्हाला ही सवय लावली कोणी?"

तो हसला. फोन वाजला, तो त्याने डाव्या हाताने उचलला.

गल्लीने त्या चौघांचा सत्कार केला. भाषणात दिरांनी 'शूरवीर' हा शब्द सात वेळा वापरला, मी मोजला. दुसऱ्या दिवशी मी भिंत पाडायचं काढलं तर तेच म्हणाले, "वहिनी, देवाची जागा पाडणार? लोक तोंडात शेण घालतील." मुलगा म्हणाला, "आई, तिथे मला दुकान काढायचंय." टाळ्या वाजवायला जागा लागत नाही. बंबाला लागते.

४. माझ्या मरणाच्या दिवशी भिंत उभी असेल तर आधी ती पाडावी, मग मला घराबाहेर न्यावं. मी थांबेन. मला कसली घाई असणार?

(कलम ४ मी स्वतः खोडलं आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. मग मधल्या काळात आग माझ्यासाठी थांबणार आहे का?)

५. ज्याने भिंत बांधली त्याच गवंड्याला आज बोलावलं. तो म्हणाला, "बाई, घरात विचारलंत का?" म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे. विचारलं, आणि मी हो म्हणाले." हे लिहिते आहे तेव्हा बाहेर घण पडतो आहे. दीर आरडाओरडा करत आहेत. मुलगी विटा उचलते आहे. मुलगा खोलीचं दार लावून बसला आहे. तरी त्याचा हिस्सा निम्माच.

६. मात्र मोकळी झालेली जागा माझ्या वारसांपैकी कोणी पुन्हा अडवली, फुलझाडाची कुंडी ठेवून का होईना, तर त्याचा हिस्सा अग्निशमन दलाच्या जखमी जवानांच्या निधीला जावा. देवाचं नाव पुढे करणाऱ्यालाही सूट नाही.

हे सर्व मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही. दबाव होता, पण मी त्याखाली आले नाही.

सही केली.

साक्षीदार: १. वकिलांचे कारकून (सही). २. गवंडी (सही. त्याच्या हाताच्या धुळीचा डाग पडला आहे, ती खाडाखोड समजू नये.)

स्थळ: राहतं घर, पुढचं दार, जिथून आता गल्लीचं टोक दिसतं.
दिनांक: आज, सोमवार. उद्यावर ढकललेलं नाही.