उजव्या बुटाचा अहवाल

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी 'काय रे दाद्या' लिहिणारा मी एकदम तीर्थरूपावर आलो, म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही.) वहिनीचा खोकला कसा आहे? थंडीत तुझा उजवा पाय अजून ठणकतो का? माझी तब्येत उत्तम आहे, गुडघा सोडला तर.

मी बुटांच्या कारखान्यात काय करतो असं कुणी विचारलं, की तू 'तो पळतो' एवढंच सांगतोस म्हणे. पळतो हे खरं, पण शास्त्रानं पळतो. आधी बूट यंत्रात जातो. यंत्र त्याला लाखभर वेळा वाकवतं, टाचेवर वजन आपटतं, तळ खरवडतं. मग तो माझ्या पायात येतो. पाचशे किलोमीटर पळायचं, ओल्या फरशीवर घसरून बघायचं आणि तक्ता भरायचा: चवडा आवळतो का, टाच निसटते का, तळ किती झिजला. बुटाला काय झालं याचे सतरा रकाने आहेत, पायाला काय झालं याचा एकही नाही. (एकदा मी समासात 'नख गेले' असं लिहिलं, तर साहेबांनी ते खोडून 'पुढे जागा कमी' केलं.)

तर यंदा नवा तळ आला. असा तळ तपासायचा, तर डाव्या पायात जुन्या तळाचा निळा बूट, उजव्यात नव्या तळाचा पिवळा, आणि अर्ध्यावर रंगांची अदलाबदल, म्हणजे दोन्ही पायांवर सारखाच अन्याय. (रस्त्यात लोक हसतात ते वेगळंच.) शंभराव्या किलोमीटरला माझा उजवा गुडघा कामातून गेला. सुट्टी घ्यावी तर माझ्या जागेवर दुसरा पळणारा टपलेलाच, म्हणून मी दात आवळून, उजवा पाय जपत पळत राहिलो. पिवळा जरा मऊ होता, म्हणून तो उजव्या पायातून काढलाच नाही, आणि तक्त्यात मात्र 'अदलाबदल केली' असं ठोकून दिलं. पाचशे झाले तेव्हा निळ्याचा तळ गुळगुळीत आणि पिवळ्याचा कोराच्या कोरा! कोरा राहणारच, त्याच्यावर मी धड टेकलोच नव्हतो.

यंत्रानं तोच तळ कच्चा ठरवला होता. साहेब म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? इथं माणूस पळालाय!" आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घरी आलो, जिना बसून बसून चढलो आणि चक्क रडलो. डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद सांगितलंय. साहेबांना मात्र माल बाजारात जाण्याआधी दुसऱ्या जोडावर तोच निकाल पुन्हा हवाय, महिन्याच्या आत. नाही आला तर माझं पितळ उघडं पडेल आणि नोकरी जाईल.

बाकी सगळं ठीक. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. सोबत एक खोकं आहे. आपल्या दोघांचं माप एकच. निळा डाव्या पायात, पिवळा उजव्या. पळायचं नाही, नेहमीसारखं शाळेत या वर्गावरून त्या वर्गावर जायचं. उजवा पाय जपून चालण्यात तुझा हात धरणारा माझ्या ओळखीत दुसरा कुणी नाही.

ता. क. २. खोकं बांधलं आणि लाज वाटली. लहानपणी तुझ्यामागून लंगडत येऊन मी सगळ्या पोरांना हसवायचो. तू एकदाही मारलं नाहीस. मारायला हवं होतंस.

ता. क. ३. खोकं पाठवत नाही. उद्या तेच बूट घालून साहेबांसमोर चालून दाखवणार आहे, पुढचं ते समजतील. तुमची खालची खोली रिकामी आहे का? मला जिना चढवत नाही. आणि दादा, तुझ्यामागून मी लंगडत आलो तर वळून बघ. या वेळी नक्कल नाही.