हबशी वजिराला विचारलेला प्रश्न

प्रिय दिपमाला,

तुझा फोन तुझ्या भावाने काढून घेतलाय, म्हणून पुनमच्या हाती हे पाठवतोय. रविवारी अमळनेरला तुझा साखरपुडा आहे, हे तिच्याकडूनच कळलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ते कधी असतं, असं तू म्हणशील. काळू म्हटलं म्हणून एकाच्या कानाखाली वाजवून मी कॉलेज सोडलं, तेही तुझ्यासमोरच.

पण आधी कालचं ऐक. कुंदाअक्कांच्या नाटकमंडळीत मी मलिक अंबर बनतो, हे तुला ठाऊक आहे. गावोगाव अंबर म्हणून उभं राहायचं, 'मी' म्हणत त्याचं आयुष्य सांगायचं, मग लोक विचारतील त्याला अंबर म्हणूनच उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी मी तोंडाला काजळी फासायला निघालो होतो. अक्का म्हणाल्या, "पूस ते. माणूस होता तो, सोंग नव्हे. ताठ उभा राहा, तेवढं पुरे."

दिपू, तो अंगरखा चढवला की मला धाकच वाटतो. हबसाणातलं, म्हणजे पार आफ्रिकेतलं एक पोर, चापू नावाचं. बाजारात विकलं, पुन्हा विकलं, नावसुद्धा मालकाने बदललं. आणि तेच पोर पुढे निजामशाहीचा वजीर होऊन दिल्लीच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवतं. हे मी रोज बोलतो, तरी अंगावर काटा येतो.

काल धुळ्याजवळच्या एका गावात मागून कुणी ओरडलं, "ओ काळे वजीर, लगीन जमलं का?" सगळे हसले. एरवी मी तिथेच उडी घेतली असती. पण अंबर हलला नसता, म्हणून मीही हललो नाही. मग भिकुबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुले इकं तव्हय कोनी इचारं व्हतं का, जाशी का म्हनीसन?"

विकताना कुणी विचारलं होतं का. पाठ केलेल्यात याचं उत्तर नव्हतं. "नही माय, कोनीच नही," मी म्हणालो. अंबर अहिराणी बोलला, पण अक्काही हसल्या नाहीत. "आनि तरी इतला मोठा व्हयना," असं शेजारणीला सांगत भिकुबाईंनी हात जोडले. ते हात तरीही एवढ्या मोठ्या झालेल्या अंबरसाठी होते, मी फक्त मध्ये उभा होतो.

आता खरं सांगतो. शनिवारी अल्तमशची गाडी घेऊन मी अमळनेरला येणार होतो. तू शिवणक्लासला निघालीस की बसवायचं आणि थेट सुरत गाठायची. सगळ्या मित्रांना माहीत होतं, तुला सोडून. आज सकाळी किल्ली परत केली. घरच्यांनी तुला विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नव्हतं, ते आता विचारतोय. तुला काय हवंय? साखरपुडा हवा असेल तर पुनमला तसं सांग, मी आडवा येणार नाही. नको असेल तर तेही सांग. तुझ्या वडिलांसमोर दिवसाउजेडी येऊन उभा राहीन, हात न उचलता.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
धनसिंग