डावी एक, उजवी एक

१२ मार्च

नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. माझी ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण छत्तीस वर्षे वर्गात उभे राहून भूमिती शिकवल्यावर त्यांचा तेवढा हक्क मी मान्य केला आहे.

पत्र लिहिण्याचे कारण एकच. जहाज पूर्ण झाले. दादाने सुरू केलेली, आपल्या गोदीत बांधलेल्या शेवटच्या शिडाच्या जहाजाची ती लाकडी प्रतिकृती. तीन डोलकाठ्या, एकवीस शिडे, लांबी सव्वा मीटर. बंदराच्या संग्रहालयाने ते कायमचे ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. मात्र २६ तारखेला त्यांची समिती घरी येऊन तपासणार. दोन मिलीमीटरची चूक सापडली तरी नाकारतात, असे ऐकून आहे.

सोबत फॉर्म जोडला आहे. जहाजाची सुरुवात दादाची, आणि त्याची पत्नी म्हणून कागदोपत्री वारस तुम्हीच आहात. तुमची सही नसेल तर तपासणीच होणार नाही. पेन्सिलीने खूण केली आहे, तिथे सही करावी. मागच्या पानावर काही लिहू नये.

तुम्ही गेल्यानंतर कामाचा चार महिने खोळंबा झाला. तुमच्या बाजूच्या पट्ट्यांचे लाकूड ओलसर निघाले, त्यामुळे जहाजाच्या कण्याला पीळ बसला. तो मला एकटीला काढावा लागला. तक्रार नाही, माहितीसाठी लिहिते.

तुमची तीन पत्रे मिळाली. उत्तर द्यायला सवड झाली नाही. शेवटच्या पत्रात कसल्याशा डबीचा उल्लेख होता. तशी डबी इथे आलेली नाही. टपालात गहाळ झाली असावी.

दादाची खोली आहे तशीच आहे.

फॉर्म २० तारखेच्या आत पोचेल असे पाहावे.

कळावे,
दादाची बहीण


२७ मार्च, सकाळी साडेदहा

वहिनी,

पास झालं! एकमताने, आणि शेरा न मारता.

एवढंच लिहून पाकीट बंद करायचा विचार होता. पण काल जे घडलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मला चालणार नाही.

तुझा फॉर्म १७ तारखेलाच आला, उलट टपाली. मागच्या पानावर काही लिहू नये असं मी बजावलं होतं, तर खरंच काही लिहिलं नव्हतंस. मी पान उलटून पाहिलं. दोनदा पाहिलं.

काल बरोबर दहाला तिघं आले. एक निवृत्त कॅप्टन. माणूस जमिनीवर आलाय, आवाज अजून बोटीवरच आहे. दुसऱ्या म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख बाई, वहीत सारखं काहीतरी टिपणाऱ्या. आणि तिसरे गोदीतले एक म्हातारे मिस्त्री. त्यांनी चहाला नको म्हटलं, पाण्याला नको म्हटलं, खुर्चीलाही नको म्हटलं. धोका आहे तो या माणसापासून, हे मी तेव्हाच ओळखलं.

कॅप्टन शिडं मोजायला लागले. मिस्त्रींनी खिशातून काळा दोरा काढून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत ताणला, मधल्या डोलकाठीवरून ओळंबा सोडला आणि एक डोळा मिटून उभे राहिले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. काल कळलं की माझ्या वर्गातल्या पोरी परीक्षेच्या वेळी रुमाल का चुरगाळत बसायच्या. ओळंबा हलायचा थांबला. टोक बरोबर मधल्या रेघेवर. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

"सरळ आहे," मिस्त्री म्हणाले.

मी श्वास सोडणार, तेवढ्यात ते खाली वाकले आणि जहाजाच्या डाव्या अंगावरून अंगठा फिरवत राहिले.

"या पाच पट्ट्यांना टाचण्यांची भोकं दुहेरी आहेत. जुनी बुजवलीत. एकदा लावून काढल्या, मग पुन्हा लावल्या. कशापायी?"

ओलसर लाकूड, हे उत्तर तयार होतं. तुला लिहून पाठवलेलंच. पण त्यांचा अंगठा लाकडावर होता. त्या अंगठ्याला काय थापा मारणार?

"एकच बाजू पुढे नेली," मी म्हटलं. "डावी अकरा पट्ट्या, उजवी सहाच. कणा डावीकडे ओढला गेला."

"तुम्ही भूमिती शिकवायचात ना?" कॅप्टन म्हणाले.

"हो."

"आणि तरी?"

"रागात केलंत काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"रागात."

"वाटलंच. भोकं खोल आहेत."

तर वहिनी, तुझं लाकूड कोरडं ठणठणीत होतं. दादाने स्वतः तीन वर्षं माळ्यावर वाळवलेलं. चूक माझी, आणि ती मी सगळ्यात आधी तुझ्याकडे कबूल करायला हवी होती. केली गोदीच्या मिस्त्रीकडे. दादा खाटेवरून दिवसातून दहा वेळा ओरडायचा, "डावी एक, उजवी एक! घाई करू नका गं, कणा वाकेल!" आणि आपण दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकेक पट्टी वाफेवर वाकवायचो, सरस लावून बसवायचो. डावं अंग माझं, उजवं तुझं. चार-चार पट्ट्या झाल्या आणि तो गेला. त्यानंतरही वर्षभर आपण तो नियम मोडला नाही. सहाव्या पट्टीपर्यंत.

त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. तुझ्या हातात वाफेवरून नुकतीच काढलेली पट्टी होती. तू म्हणालीस, "वन्सं, मी घड्याळजींशी लग्न करायचं ठरवलंय." आणि मी म्हणाले, "पट्टी थंड होतेय, आधी ती बसव."

तू बसवलीस. टाचण्या मारल्यास, बाहेर आलेला सरस पुसलास, हात धुतलेस आणि गेलीस. पट्टी इतकी चोख बसली होती की नाव ठेवायला मला जागा सापडेना. त्याचाही राग आला.

मग महिनाभरात मी माझ्या बाजूच्या पाच पट्ट्या ठोकून काढल्या. तू कधीतरी येशील, तुझी बाजू मागे पडलेली पाहशील आणि मान खाली घालशील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. साठी उलटलेल्या बाईचं डोकं! एका सकाळी ओळंबा लावून पाहिला, तर सांगाड्याचा मागचा, सुकाणूकडचा खांब चार मिलीमीटर कललेला. मी टेबलाचा पाय तपासला, फरशी तपासली, ओळंबासुद्धा दुसरा आणला. स्वतःला सोडून सगळं तपासलं.

शेवटी गरम पाण्याच्या फडक्याने सरस सैल करून पाचही पट्ट्या सोडवल्या आणि सांगाडा जाड फळीला करकचून बांधून ठेवला. तुझ्या सहा पट्ट्यांना हात लावला नाही. पीळ हळूहळू उतरला. मग नियमाने सुरुवात. सातवी डावी. नंतर सातवी उजवी. आणि उजवी लावायची तर तुझ्या खुर्चीत बसावं लागलं.

वहिनी, मी त्या खुर्चीत तोपर्यंत कधी बसलेच नव्हते. माझ्या खुर्चीतून खिडकी दिसते, गोदीच्या क्रेन दिसतात आणि समोर तू. तुझ्या खुर्चीतून दादाची खाट दिसते. दुसरं काही दिसतच नाही. दोन वर्षं त्याचा खोकला मी पाठीने ऐकला. तू तो तोंडासमोर पाहिलास. तो गेल्यावरही मी खाट हलवू दिली नाही, चादरसुद्धा तशीच ठेवली. तू एकदा म्हणालीस, "वन्सं, खाट आतल्या खोलीत ठेवूया का?" मी म्हटलं, "तुला कुठे नडते ती?" मला नडत नव्हती, कारण माझी तिच्याकडे पाठ होती. आणि ही मी, तुला म्हणत होते की दादाला किती लवकर विसरलीस.

तुझ्या तोंडावर म्हटलं नसेन. पण म्हणत होते. बऱ्याच जणींकडे म्हटलं.

ती सातवी उजवी पट्टी लावायला मला चार दिवस लागले. आठवीच्या आधी माणसं बोलावून खाट काढून टाकली. खोली आहे तशीच आहे असं लिहिलं, तेही खोटं. खाट जाऊन दीड वर्ष झालं.

आता डबीचं. ती व्यवस्थित पोचली होती. दोन महिने न उघडता कपाटावर ठेवली. इकडे मी कोरलेल्या कप्प्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या, आणि त्यातून ओवलेले दोर शिडाजवळ वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबायचे. तेव्हा नाइलाजाने झाकण काढलं. कापसाच्या घड्यांत ओळीने मांडलेल्या एकशे बारा कप्प्या, एकेक मिरीच्या दाण्याएवढी. एखादी तरी वाईट निघेल म्हणून मी भिंग घेऊन सगळ्या तपासल्या. एकही निघाली नाही.

काल कॅप्टननी नेमक्या त्याच पाहिल्या. आधी चष्म्यातून, मग भिंगातून. मग चिमट्याने एक दोर हलकेच ओढला आणि ओरडले, "अहो, आतलं चाक फिरतंय! तिन्ही डोलकाठ्यांवरची सगळी फिरतात? बाई, हे तुमचं काम नव्हे."

"नव्हे."

"मग कुणाचं?"

"आमच्या घड्याळजींचं."

'आमच्या' कुठून आलं, मला ठाऊक नाही. तोंडातून गेलं खरं. प्रमुख बाईंनी वहीतून मान वर केली. "कोण लागतात तुमचे?"

"माझ्या वहिनीचे यजमान."

"म्हणजे तुमचे भाऊच की," कॅप्टन म्हणाले.

"नाही. भाऊ गेला. वहिनी आहे."

कॅप्टन पुरते गोंधळले. मिस्त्री गोंधळले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "आता चहा चालेल."

लगेच तिघांनी कागदावर सह्या केल्या. मला वाटलं लढाई संपली. पण बाई म्हणाल्या की काचेची पेटी भिंतीला लागून ठेवू, डावं अंग लोकांकडे, कारण जहाजाची नाळ त्या बाजूने उठून दिसते. मी म्हटलं, पेटी दालनाच्या मधोमध राहील. त्या म्हणाल्या, मध्ये जागा नाही. मी म्हटलं, मग जहाजही नाही. बाई नियम सांगायला लागल्या, तेवढ्यात मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "उजव्या अंगाची सहावी पट्टी बघा. आख्ख्या जहाजात तसा हात दुसरा नाही. ती भिंतीला दाखवणार?"

मधलं दालन मिळालं! चारही बाजूंनी काच, लोकांना फिरून पाहता येईल. पाटीवर चौघांची नावं असतील: दादाचं, तुझं, घड्याळजींचं आणि माझं. बाई म्हणाल्या, सवयीप्रमाणे आधी अर्जदाराचं, म्हणजे माझं, नाव येतं. मी म्हटलं, सवयी बदलतात. मला वेळ लागला, तुम्हाला लागू नये.

उद्घाटन नऊ एप्रिलला, सकाळी अकरा वाजता. तुम्ही दोघांनी आदल्या दिवशी यायचं. उतरायचं घरीच. बाहेर कुठे उतरलात असं कळलं तर मी तिथे येऊन सामान उचलून आणीन, आणि ते तुम्हा दोघांना शोभणार नाही. दादाच्या खोलीत खिडकीपाशी मोठा पलंग घातला आहे, पडदे नवे आहेत. तुला चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी दुसरी खोली लावीन. या वेळी मी विचारते आहे, ठरवून सांगत नाही.

येण्याआधी एक कळव. घड्याळजी चहात साखर किती घेतात? तू त्यांच्याबद्दल सांगितलंस त्याच दिवशी हे विचारायला हवं होतं.

तुझीच,
वन्सं