फाडलेले शेवट

दारव्हा,
रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

प्रिय नलूस,

सप्रेम नमस्कार. तुमच्यात आता नमस्कार चालत नाही, जय भीम म्हणतात, म्हणून तोही घे. इकडे सर्व क्षेम. आईचा दमा तसाच, अप्पांचा राग तसाच, आणि बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत बैलगाड्याही तशाच अडकतात. तुमच्या यवतमाळच्या ट्रेनिंग कॉलेजात फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवतात म्हणे. तुझं पत्र पाहून ते खरं वाटलं. चार पानं आणि एक ओळ वाकडी नाही.

पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो लग्नाच्या गडबडीमुळे. हो, ठरलं. अमरावतीला वकील आहेत, होळीनंतरची तिथी धरली आहे. बघायला आले तेव्हा मी धीर करून विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" तर म्हणाले, "कायद्याची पुस्तकं वाचतो." अशा माणसाचा कादंबरीत दुसऱ्याच प्रकरणात खून होतो आणि कुणाला वाईटही वाटत नाही. माझ्या नशिबी तो शेवटपर्यंत जगणार.

तुझी मुख्य गोष्ट मी विसरलेली नाही. तू लिहिलंस, "सत्तू, बाबांना वाचनालयाच्या शिपाईगिरीवरून काढलं. ते आता जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहतात, त्यांना ती झेपत नाहीत. तुझे अप्पा अध्यक्ष आहेत, त्यांना एक शब्द सांग. नाहीतर मला ट्रेनिंग सोडून घरी यावं लागेल." त्याकडे येतेच. पण तू हेही विचारलंस की हल्ली काय वाचतेस. आधी ते सांगते, कारण त्याचं उत्तर द्यायला मला आवडतं.

हल्ली नुसत्या रहस्यकथा. महिन्याला नागपूरहून वाचनालयाचं पार्सल येतं, त्यात सहा तरी असतातच. परवाच्या एकीत गुप्तहेर इतक्या सिगारेटी ओढतो की खुनी सापडायच्या आधी तोच खोकून मरेल असं वाटलं. खून नेहमी दिवाणखान्यात आणि प्रेत नेहमी गालिच्यावर. दारव्ह्यात गालिचा आहे कुणाकडे? आपल्याकडे खून करायचा तर आधी सतरंजी झटकावी लागेल. आणि खुनी कोण ते मला पन्नासाव्या पानाला कळतं. जो सगळ्यात गोड बोलतो, घरच्यासारखा येतो-जातो, ज्याला कुणी काही विचारत नाही, तो.

मुलांच्या साहसकथाही वाचते, हसू नकोस. त्या तर जास्तच चीड आणतात. चार मुलं, एक मुलगी, मे महिन्याची सुट्टी, एक गुहा आणि सोन्याचे चोर. मुलं दोरावरून उतरतात, मुलगी चिवड्याचा डबा सांभाळते. शेवटी चोर तिलाच पकडतात आणि ती किंचाळते. मी एकदा पुस्तक भिंतीवर फेकलं. आई म्हणाली, काय झालं? म्हटलं, पाल होती.

आठवतं, शाळेत तू मला किती छळायचीस? वाचनालयाचं नवीन पुस्तक आधी तुझ्या वडिलांच्या, उकंडाच्या हाती यायचं, म्हणून आधी तुझ्या हाती. मधल्या सुट्टीत मी पेरू खात बसलेली असायची आणि तू म्हणायचीस, "सत्तू, चोर त्याचा मामाच असतो बरं." झालं. माझ्या वाट्याला पुस्तक यायचं ते उष्टं होऊन. तू हसायचीस आणि मीही हसायची. सातवीच्या परीक्षेत तू पहिली आलीस, मी दुसरी. तू यवतमाळला गेलीस. मला अप्पा म्हणाले, "पुरे झालं आता." तेव्हाही मी हसलेच होते.

असो. तर तुझ्या वडिलांचं असं झालं. गेल्या वर्षभरात वाचनालयातल्या कादंबऱ्यांची शेवटची पानं नाहीशी व्हायला लागली. सगळ्या नाहीत, फक्त रहस्यकथा आणि साहसकथा. लोक हैराण. पोस्टमास्तर तीनशे पानं वाचून आले आणि अप्पांसमोर अक्षरशः रडकुंडीला आले. चिटणीस बाबाराव (तेच, अप्पांच्या खुर्चीवर डोळा ठेवून दहा वर्षं बसलेले) तर चार दिवस जेवले नाहीत म्हणे. विष कॉफीत होतं की विड्यात, तेवढंच त्यांना हवं होतं. शेवटी गेल्या महिन्यात आमच्या ओसरीवर कमिटीची सभा झाली. उकंडाला बोलावलं. मी आत होते, नीट ऐकू आलं नाही. त्याला काढलं एवढं नंतर कळलं. मलाही वाईट वाटलं.

पाणी प्यायला उठले होते. वरचं वाचलं. "नीट ऐकू आलं नाही" हे खोटं आहे. मी दाराआडच उभी होते आणि शब्दन् शब्द ऐकला. आता लिहायलाच बसले आहे तर सांगते.

बाबारावांनी विचारलं, "पुस्तकं कोणाच्या हातातून जातेत?" उकंडा म्हणाला, "माह्याच हातून जातेत जी. पार्सल मीच खोलतो, शिक्के मारतो, कव्हर घालतो." मग कुणीतरी म्हणालं, हा पानं भेळवाल्याला विकत असेल. तेव्हा उकंडाने मान वर केली. म्हणाला, "विकीन कायले? मी सारे पुस्तकं वाचतो साहेब. नलूनं शिकवलं मले. शेवट वाचल्याबिगर मी शिक्का नाही मारत."

नलू, त्याने ते कौतुकाने सांगितलं. त्याला वाटलं, वाचणाऱ्यावर वाचणारे विश्वास ठेवतील. मग बाबाराव म्हणाले, "वाचतो? तुले कोण सांगतलं वाचायले? झाडू मारायले ठेवलं का वाचायले?" एक जण म्हणाला, धर्म बदलल्यापासून यांची मानच ताठ झाली आहे, मुद्दाम करत असतील. खटला तिथेच संपला. माणसाने आपल्या बाजूने सांगितलेली एकच गोष्ट त्याच्या गळ्यात बांधली. कादंबरीत असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, लेखकाला जमलं नाही.

आता तू हुशार आहेस, पहिली आलेली आहेस, तेव्हा तुला प्रश्न पडला असेल. पार्सल उकंडा उघडतो, शेवटासकट वाचतो, शिक्का मारतो. मग पुस्तक कपाटात जातं का? नाही. आपल्या वाचनालयाचा नियम तुला पाठ आहे: अध्यक्षांनी पाहिल्याशिवाय कादंबरी कपाटात लावायची नाही, काही अचकटविचकट निघालं तर? म्हणून पुस्तकं आठ दिवस आमच्या घरी असतात. अप्पा त्यांना हातही लावत नाहीत. ती माझ्या खोलीत असतात.

ओला दोरा शिवणीत घालून रात्रभर दाबून ठेवला की पान सकाळी आवाज न करता सुटतं. कडसुद्धा राहत नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा कारण काही नव्हतं. करून बघितलं. मग पोस्टमास्तर आले, त्यांचा चेहरा मी पडद्यातून पाहिला, आणि मला इतकं बरं वाटलं की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अख्ख्या दारव्ह्यातल्या पुरुषांना जे हवं होतं ते एकट्या माझ्या ट्रंकेत होतं. ते कचेरीत जातात, जिनिंगला जातात, सभा भरवतात. मी वाटाणे सोलते. पण विष कशात होतं ते मला माहीत होतं. सतरा पुस्तकं केली मी तशी. सभेच्या दुसऱ्या दिवशी सगळी पानं आंघोळीच्या बंबात घातली. पाणी चांगलं तापलं.

आणखी एक राहिलं. हे लिहायचं नव्हतं.

अप्पांनी शेवटचं विचारलं, "तू माझ्या घरी पुस्तकं आणून दिलीस, तेव्हा शेवट होते का नव्हते?" उकंडा म्हणाला, "होते ना जी. तुमच्या घरी देल्ले तवा..." आणि त्याने दाराकडे पाहिलं. मी फटीत होते. त्याची माझी नजरानजर झाली. त्याला तिथल्या तिथे कळलं, की आधीच कळलेलं होतं, कोण जाणे. मग त्याने मान खाली घातली. "नसन जी. मले आठोत नाही," म्हणाला.

मी दार लावून घेतलं.

तेव्हा अप्पांना एक शब्द सांगायचा तर कोणता सांगू? खरा सांगितला तर अमरावतीचं स्थळ गेलं, आणि अप्पा अध्यक्ष राहत नाहीत. खोटा सांगितला तर ते विचारतील, तुला कसं माहीत? म्हणून मी काहीच सांगणार नाही. तुझ्या ट्रेनिंगचं मला वाईट वाटतं, अगदीच वाटत नाही असं नाही. पण खरं सांगू? तू परत दारव्ह्याला येऊन बसणार, हे वाचून मला पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. लग्नात मांडव घालायला माणसं लागतील, उकंडाला बोलवायला सांगीन. जेवणही होईल.

हे तुला का लिहिलं? कुणालाच न सांगता शेवट माहीत असण्यात नंतर नंतर मजा राहत नाही. आणि सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे? शिवाय तू कुणाला बोलणार नाहीस. तू उकंडाची मुलगी आहेस, तुझ्यात तो चांगुलपणा आहे. वाचून झालं की पत्र जाळून टाक. मी तुला ओळखते.

आईचे आशीर्वाद. प्रकृतीस जप.

तुझीच,
सत्तू

---

यवतमाळ,
२६ फेब्रुवारी १९६१

सत्यभामा,

तुझं पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बाबांना वाचून दाखवलं. ते मागच्या रविवारी छोट्या रेल्वेगाडीने आले होते, जिनिंगला सुट्टी होती. ओझ्यांनी पाठ सोलली आहे, त्यामुळे भिंतीला टेकून बसता येत नव्हतं.

त्यांना पहिल्या पुस्तकापासून माहीत होतं. तुमच्याकडून परत आणताना त्यांनी रस्त्यातच शेवटचं पान उघडून पाहिलं होतं. सतरा वेळा ते गप्प राहिले. मी विचारलं, "कायले?" तर म्हणाले, "पोरगी घरात बसून राह्यते, करमत नसन तिले. माह्या नलूवानी आहे." पत्र ऐकून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तिचं लगन हाय. राहू दे."

मी राहू दिलं नाही.

तुझ्या अप्पांना पाठवलं असतं तर पत्र तुझ्या पानांच्या मागे बंबात गेलं असतं. म्हणून मूळ पत्र मी बाबारावांना रजिस्टरने पाठवलं. त्यांनीच बाबांना विचारलं होतं, तुले कोण सांगतलं वाचायले. त्यांच्याबद्दल मला माया नाही. पण दहा वर्षं ज्या खुर्चीकडे ते बघत आहेत ती तुझ्या अक्षरात त्यांच्या हाती आली आहे. असा माणूस पत्र जाळत नाही. सोबत मी एकच अट लिहिली: सभा त्याच ओसरीवर भरवायची, बाबांना त्याच जागी खुर्ची द्यायची आणि पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. नाहीतर माझ्याकडची नक्कल छापायला देईन. पोस्टाची पोच काल आली. सभा बुधवारी आहे. अमरावतीला मी काही कळवलेलं नाही. ते काम बाबाराव करतील, त्यांना सांगावं लागणार नाही.

शाळेत मी तुला शेवट सांगायची तो खेळ होता. तुला तो लागत होता, हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी थांबले असते. एवढ्यापुरती चूक माझी.

सबंध पत्रात तू माझ्या बाबांना अरे-तुरे लिहिलं आहेस. त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही. माझं गेलं.

बाबा मला म्हणाले, "तुह्यात एवढा राग कुठून आला बाई?" बुधवारी सभेत तुला बाहेर बोलावतील की दाराआडून ऐकू देतील, मला माहीत नाही. त्या सभेत बाबा दीड तास उभे होते. बोलावलं, तर तू तितका वेळ उभी राहा.

कु. नलू उकंडा मनवर