होडीचा निळा रंग

वोलोस, ११ नोव्हेंबर

आदरणीय कीरा स्तामातिया यांस,

आरेतीचा सविनय नमस्कार. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर तुम्ही पाठवलेला उकडलेल्या गव्हाचा प्रसाद पोहोचला. त्यातले डाळिंबाचे दाणे मी आधी वेचून खाल्ले, हे आमच्या फोटोच्या दुकानाच्या मालकांना सांगू नका. तुमचे गुडघे आता कसे आहेत?

समोर असताना मला बोलता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या यजमानांचा, अपोस्तोलिसकाकांचा, होडीतला फोटो चाळिसाव्याला भिंतीवर हवा, एवढीच तुमची मागणी होती. पहिली प्रत पाहून होडीचा निळा चुकला, म्हणालात. दुसऱ्या खेपेला होडीच्या रंगाचा पोपडा रुमालात बांधून आणलात. तो खिडकीच्या उजेडात नव्या प्रतीशेजारी ठेवला. दोन्ही निळे अगदी एक निघाले. तरीही तुमची मान नकारार्थीच हलली. मालक थ्रासोस वैतागले. "बाई, आता समुद्रच रंगवून देऊ का?"

"तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. या पोरीला विचारू दे," म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "तुला कसा दिसतो गं हा?"

त्या दुकानात वर्षभरात माझे मत कोणी विचारले नव्हते.

"काका आजारी दिसतात," मी म्हणाले.

खोट निळ्यात नव्हतीच. चेहऱ्यावर आणि हातांवर फिकट हिरवी झाक होती. ती तुम्हांला सलत होती आणि राग होडीवर निघत होता. मी तेवढीच झाक काढली, कातडीला उन्हाची ऊब दिली. होडीला हातही लावला नाही. तिसरी प्रत तुम्ही खिडकीच्या उजेडात नेलीत. मग म्हणालात, "हां. हाच निळा."

निघताना तुम्ही विचारलेत, हे मला कसे कळले. मी कॉफीचे कप उचलून आत निघून गेले.

ती हिरवी झाक मी माझ्या आजारी वडिलांच्या चेहऱ्यावर, उशाशी बसून, एक अख्खा हिवाळा पाहिली आहे. ते गेल्यानंतर त्यांचा एकही फोटो मला छापता आला नाही. प्रत्येकात तीच झाक दिसे. काकांना उन्हात परतलेले पाहिले, आणि रविवारी प्रथमच बाबांचा लिंबाच्या झाडाखालचा फोटो छापायला घेतला. दोन प्रती वाळत आहेत. कोणती खरी, हे माझ्या डोळ्यांना ठरवता येत नाही. तुम्ही बाबांना कधी पाहिलेले नाही, तुमच्या नजरेत ती झाक बसलेली नाही, म्हणूनच तुम्हांला विचारते. याल का बघायला?

तुमच्या ज्या नजरेने काकांना घरी आणले, तिची कायमची ऋणी,
आरेती